एकाच तारेवरचे रंग

मागचे काही भाग आपण तारायंत्र आणि टेलिफोन यांच्यात रमलो. आज कारखान्यात शिरू.

१९ ऑगस्ट २००६. अमेरिकेच्या अलाबामा राज्यात टेनेसी नदीच्या काठी ब्राउन्स फेरी नावाचं अणुवीज केंद्र आहे. तिथल्या तीन क्रमांकाच्या अणुभट्टीत पाणी फिरवणारे दोन मोठे पंप एकाएकी थांबले. दोन्ही. या जातीच्या भट्टीत गाभ्यातून पाणी किती वेगाने फिरतं त्यावर तिची ताकद ठरते. पंप गेलेत आणि भट्टी मात्र जोरात चालू, ही अवस्था कुणी अंगावर घेत नाही. चालकांनी भट्टी हाताने बंद केली. कुणाला इजा झाली नाही. पण चौकशीत जे निघालं ते वाचून त्या धंद्यातली माणसं चपापली. पंप धडधाकट होते, मोटारीही धडधाकट होत्या. मोटारींचा वेग सांभाळणारे जे ड्राइव्ह असतात, त्यांचे नियंत्रक गप्प झाले होते आणि रिसेट केल्याशिवाय ते शुद्धीवर येईनात. कारण काय, तर केंद्राच्या अंतर्गत नेटवर्कवर एवढी वर्दळ झाली की त्या नियंत्रकांच्या चिमुकल्या मेंदूला ती झेपली नाही.

त्याच वेळी पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेचा एक पीएलसीही बंद पडला होता. गर्दी त्याने केली, की तोसुद्धा कुणा तिसऱ्याच्या गर्दीचा बळी, हे शेवटपर्यंत निर्णायकपणे ठरलं नाही. अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने एप्रिल २००७ मध्ये एक सूचनापत्र काढून सगळ्या केंद्रांना हा प्रकार कळवला. पुढे त्या केंद्राने नाजूक उपकरणांच्या अलीकडे एक फायरवॉल बसवली. ओळखीचं बोलणं तेवढं आत सोडायचं, बाकीचं दाराबाहेर.

ते सूचनापत्र वाचताना मला एकच प्रश्न पडला. पंपाच्या ड्राइव्हला त्याच्या कामाच्या दहा-वीस गोष्टींशी मतलब. बाकी साऱ्या केंद्राची बडबड त्याच्या कानावर घालायची कुणी ठरवली होती? उत्तर असं, की कुणीच ठरवली नव्हती. ती तारेची मूळ रीतच आहे. ही रीत कुठून आली आणि तिला आवर घालायला काय शोधलं गेलं, ते आज बघू. त्या आवराचं नाव व्हीलॅन, म्हणजे आभासी स्थानिक जाळं. नाव जड आहे, वस्तू सोपी आहे.

मी सिग्नल्समध्ये होतो, त्यामुळे माझी सुरुवात रेडिओपासून होणार. रेडिओ नेटवर एका फ्रीक्वेन्सीवर दहा ठाणी असतात. एक बोलतं, नऊ ऐकतात. तुमच्यासाठी असेल तर उत्तर द्या, नसेल तर गप्प बसा. दोघं एकदम बोलले की दोघांचंही वाया. हवाई बेटांवरच्या विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन यांनी १९७१ मध्ये संगणकांना नेमकं हेच शिकवलं. बेटाबेटांमध्ये तार टाकणं परवडेना, म्हणून रेडिओ. बोला, पोच आली नाही तर थोडं थांबा आणि पुन्हा बोला. त्या जाळ्याचं नाव अलोहानेट.

कॅलिफोर्नियात झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत बॉब मेटकाफ यांनी हीच कल्पना तारेवर आणली. २२ मे १९७३ रोजी त्यांनी जे टिपण लिहिलं त्यात ईथरनेट हा शब्द आहे. जुन्या भौतिकशास्त्रात प्रकाश ज्यातून वाहतो असं मानत, तो सर्वव्यापी ईथर. तसं सगळ्यांना सगळं पोचवणारं माध्यम. मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी ते उभं केलं तेव्हा वेग होता सेकंदाला २.९४ मेगाबिट. १९८० मध्ये डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स या तीन कंपन्यांनी मिळून १० मेगाबिटचा मसुदा जाहीर केला आणि १९८३ मध्ये आयईईईने ८०२.३ या क्रमांकाखाली तो प्रमाण म्हणून मान्य केला. बोटभर जाडीची तार, तिला टोचून जोडलेले संगणक. एका तारेवर सगळे, आणि सगळ्यांना सगळं ऐकू येतं. चाळीत एका खोलीतलं भांडण अख्ख्या मजल्याला कळतं, तसं.

कचेरीत हे खपून गेलं. कारखान्याने मात्र नाक मुरडलं, आणि ते बरोबरच होतं. दोघं एकदम बोलले तर थांबून पुन्हा बोला, इथवर ठीक. पण थांबायचं किती? ते नशिबावर. पत्र छापायला अर्धा सेकंद उशीर झाला तर काय बिघडलं? प्रेसखालून हात काढायचा असेल तर सगळंच बिघडलं. म्हणून जनरल मोटर्सने ऐंशीच्या दशकात आपल्या कारखान्यांसाठी टोकन बस ही वेगळी पद्धत उचलून धरली. तिच्यात बोलण्याची पाळी क्रमाक्रमाने फिरते, तेव्हा जास्तीत जास्त किती थांबावं लागेल हे आधी सांगता येतं. पद्धत शहाणपणाची होती, पण महाग पडली आणि विरून गेली. मग प्रत्येक कंपनीची आपापली तार आली. त्यांच्या भांडणाला फील्डबस युद्ध म्हणत. वर्षानुवर्षं बैठका झाल्या आणि शतक संपतासंपता जो आंतरराष्ट्रीय मानक निघाला, त्यात एक नाही, तर आठ प्रकारच्या फील्डबस एकाच वेळी मान्य! तह झाला, पण सगळ्यांच्या तोफा जागच्या जागी. असे तह आपल्या इतिहासातही कमी नाहीत.

तोवर खालून ईथरनेटच बदलत होतं. या बदलात आपल्या ओळखीचं एक नाव येतं. विनोद भारद्वाज हे भारतीय वंशाचे उद्योजक आणि लॅरी ब्लेअर यांनी कॅलिफोर्नियात एक कंपनी काढली. भारद्वाज यांच्या पत्नीचं नाव कल्पना, तेच कंपनीला दिलं. या ‘कल्पना’ने १९९० मध्ये सात पोर्टांचा ईथरस्विच बाजारात आणला. अनेक पोर्टांचा ईथरनेट स्विच म्हणतात तो हाच पहिला. १९९४ मध्ये सिस्कोने ही कंपनी विकत घेतली. सिलिकॉन व्हॅलीतल्या आपल्या माणसांच्या गोष्टी आपण एवढ्या सांगतो, त्यात ही फारशी कुणी सांगत नाही.

स्विच करतो काय? जुन्या मॅन्युअल एक्स्चेंजवरचा ऑपरेटर आठवा. कोण कोणत्या भोकावर बसलाय हे त्याला पाठ. फोन आला की त्या दोघांचीच दोरी जोडून द्यायची, बाकीच्यांना त्रास नाही. स्विचही तसंच शिकतो. कुठल्या पोर्टवरून कुठल्या पत्त्याचं उपकरण बोललं हे टिपून ठेवतो आणि पुढच्या वेळी फ्रेम, म्हणजे तो माहितीचा लखोटा, त्याच पोर्टवर टाकतो. जाणं-येणं एकाच वेळी होऊ लागलं तशी टक्करही संपली. कारखान्याची मूळ तक्रार निम्म्याहून अधिक मिटली.

पण निम्म्याहून अधिकच. कारण काही लखोट्यांवर पत्ताच ‘सर्वांस’ असा असतो. ‘अमुक क्रमांक कुणाचा, हात वर करा’ अशी हाक उपकरणं सतत घालत असतात. ही ललकारी स्विच अडवू शकत नाही, ती त्याला प्रत्येक पोर्टवर सोडावीच लागते. पंचवीस उपकरणं असतील तर कुणाला जाणवणारही नाही. पाचशे झाली, त्यात एखाद्याचं कार्ड बिघडून ते एकसारखं ओरडत सुटलं, किंवा कुणी केबलची दोन्ही टोकं चुकून एकाच स्विचमध्ये खोचली, तर ललकाऱ्यांचं वादळ उठतं. ब्राउन्स फेरीचा ड्राइव्ह आठवला ना?

आता मुख्य माणूस. डेव्हिड सिंकोस्की ऐंशीच्या दशकाच्या मध्यात बेलकोर या टेलिफोन कंपन्यांच्या संशोधन संस्थेत आले. अनेक ईथरनेट जोडून एक मोठं जाळं कसं करायचं, या प्रश्नाने त्यांना पछाडलं होतं. जाळ्यात एखादी तार तुटली तर दुसरी हवी, म्हणून जादा तारा टाकाव्यात. पण जादा तारा टाकल्या की वर्तुळ तयार होतं आणि लखोटे त्यात भोवऱ्यासारखे फिरत बसतात. यावर डिजिटल कंपनीतल्या राडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये तोडगा काढला होता. स्विचांनी आपापसात बोलून जादा तारा तात्पुरत्या बंद ठेवायच्या आणि जाळ्याचं झाड करायचं. मूळ, खोड, फांद्या. झाडात वर्तुळ नसतं. पण झाडाचीही अडचण आहे. सगळी वाहतूक खोडातून जाते, खोड तुंबतं, आणि पैसे मोजून टाकलेल्या बाकीच्या तारा रिकाम्या पडून राहतात.

सिंकोस्की म्हणाले, झाड एकच का? लखोट्यांना रंग द्या. लाल लखोट्यांचं झाड वेगळं, हिरव्यांचं वेगळं, निळ्यांचं वेगळं. तारा त्याच, स्विच तेच. पण लाल झाडाने जी तार बंद ठेवली, ती हिरव्या झाडात चालू. चेस कॉटन या सहकाऱ्याबरोबर त्यांनी १९८८ मध्ये ही पद्धत मांडली. तो रंग म्हणजेच आजचा व्हीलॅन टॅग.

इथे जरा थांबतो, कारण माझ्या मते सगळ्या गोष्टीची गोम इथे आहे. हे रंग भिंत बांधायला शोधलेले नव्हते. ते शोधले तुंबलेलं खोड मोकळं करायला, तारांची पुरेपूर वसुली व्हावी म्हणून. लाल लखोटा हिरव्यांच्या वाटेला जात नाही, हा त्या योजनेचा परिणाम होता. हेतू वेगळा होता. पुढे लोकांनी त्या परिणामालाच भिंत मानलं. रस्त्यावर पांढऱ्या पट्ट्याने मार्गिका आखतात, तिला कुणी दुभाजक म्हणायला लागावं, तसं. पट्टा उपयोगाचा आहेच. पण ट्रक पट्ट्याला धडकून थांबत नाही.

पुढचा इतिहास नेहमीचाच. नव्वदीत प्रत्येक कंपनीने आपला वेगळा रंगडबा काढला. सिस्कोची पद्धत अख्खा लखोटाच दुसऱ्या लखोट्यात घालायची, जादा ३० बाइटचा. शेवटी १९९८ मध्ये आयईईईने ८०२.१क्यू हा मानक काढला आणि त्यातला टॅग आजही चालतो. पाठवणाऱ्याच्या पत्त्यानंतर ४ बाइट घुसवायचे. पहिल्या दोन बाइटमध्ये ‘इथे टॅग आहे’ ही खूण. उरलेल्या १६ बिटांपैकी ३ प्राधान्याला, १ गर्दीच्या वेळी हा लखोटा आधी टाकून दिला तर चालेल का हे सांगायला, आणि १२ रंगाच्या क्रमांकाला. १२ बिटांत ४०९६ क्रमांक बसतात. शून्य आणि शेवटचा ४०९५ राखीव, म्हणून हाती ४०९४. लखोटा कमाल १५१८ बाइटचा होता तो १५२२ झाला. जुनी उपकरणं असा चार बाइट मोठा लखोटा बघून तो सदोष म्हणून फेकून देत. बदलाच्या काळात या चार बाइटांनी बऱ्याच अभियंत्यांच्या रात्री खाल्ल्या.

त्या ३ बिटांकडे कचेरीवाल्यांचं फारसं लक्ष नसतं, पण कारखान्यात तेच जास्त मोलाचे. आठ पायऱ्या, शून्य ते सात. रुग्णवाहिकेचा भोंगा म्हणा. रंग शून्य आणि प्राधान्य मात्र उच्च, असाही टॅग लावता येतो. त्याचा अर्थ, ‘मी कुठल्या व्हीलॅनचा हे विचारू नका, फक्त वाट द्या.’ प्रोफिनेट हे जर्मन वळणाचं औद्योगिक ईथरनेट हाच मार्ग वापरतं आणि त्याचं प्राधान्य असतं ६.

औद्योगिक स्विच दिसायलाही वेगळा असतो. कचेरीतल्यासारखा चपटा डबा नव्हे. ३५ मिलिमीटरच्या डिन रेलवर, कॉन्टॅक्टर-रिलेच्या शेजारी, उभा चढवलेला. पंखा नाही, कारण पंखा धूळ ओढतो आणि सर्वांत आधी मरतो. २४ व्होल्टचे दोन स्वतंत्र पुरवठे, एक गेला तर दुसरा. उणे ४० अंशांपासून ७० अंशांच्या पुढेपर्यंत चालणारा. उणे ४० चा उपयोग काय हे सियाचिनला राहिलेल्याला सांगावं लागत नाही, आणि ७० चा उपयोग नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात बंद पॅनेलचं दार उघडलेल्याला.

आता यावर व्हीलॅन बांधायचे कसे, ते सांगतो. कारण इतिहास फक्त वर्षांचा नसतो, हातांचाही असतो.

पोर्ट दोन तऱ्हेचे. एक उपकरणाचा. पीएलसी, ड्राइव्ह, कॅमेरा यांना रंगबिंग काही कळत नाही, ते साधा लखोटा देतात. पोर्टने आत येताना रंग लावायचा आणि बाहेर जाताना पुसायचा. दुसरा, स्विचला स्विच जोडणारा, ट्रंक. तिथे अनेक रंग एका तारेतून जातात, म्हणून रंग पुसायचा नाही. कचेरीच्या स्विचवर हे एकेका आज्ञेत होतं. औद्योगिक स्विचांवर मात्र बहुधा वेबपानावर दोन वेगळे तक्ते असतात. एका तक्त्यात लिहायचं की कुठल्या पोर्टवरून कुठला रंग बाहेर जाईल, पुसून की न पुसता. दुसऱ्या तक्त्यात, साधा लखोटा आत आला तर त्याला कुठला रंग लावायचा. याला पीव्हीआयडी म्हणतात. नवखा माणूस पहिला तक्ता भरतो, २० नंबर टाकतो, खूश होतो. दुसऱ्या तक्त्यात मूळचा १ तसाच. मग होतं असं, की २० रंगातलं बोलणं पीएलसीपर्यंत पोचतं, पण पीएलसीचं उत्तर १ रंगाचं होऊन भलत्याच वाटेला लागतं. ऐकू येतंय, बोलता येत नाही. केबल बदलतात, पीएलसी बदलतात, कंपनीच्या माणसाला पुण्याहून नाहीतर बडोद्याहून विमानाने बोलावतात. तो दुसरा तक्ता उघडतो आणि चहा पिऊन परत जातो.

हा १ नंबर लक्षात ठेवा. खोक्यातून काढलेल्या जवळपास प्रत्येक स्विचवर सगळे पोर्ट व्हीलॅन १ मध्ये असतात, आणि स्विचचं स्वतःचं व्यवस्थापनाचं पानही तिथेच. याचा अर्थ, नव्या स्विचला भिंत नसते. निवृत्तीनंतर एका कारखान्याची सुरक्षा पाहायला मला बोलावलं होतं. नकाशा उत्तम. यंत्रं १०, कॅमेरे २०, कचेरी ३०, व्यवस्थापन ९९, सगळं रंगीत छापून भिंतीवर लावलेलं. प्रत्यक्ष पॅनेल उघडली तर चारातल्या तीन स्विचांवर सगळं १ मध्ये. घडलं होतं साधंच. एकेक स्विच जळत गेला, रात्रपाळीच्या माणसाने स्टोअरमधून नवा काढला, केबली जशाच्या तशा खोचल्या. यंत्र चालू झालं. सगळं एकाच रंगात असलं की सगळं चालतंच, ही त्यातली गंमत. तक्रार यायला कारणच नाही. त्या माणसाला मी दोष देणार नाही. त्याला पहाटे दोन वाजता उत्पादन चालू करायचं होतं आणि सेटिंगची फाइल कुठे ठेवलीय हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. काही स्विचांना छोटं कार्ड किंवा यूएसबी खोचायची सोय असते. सेटिंग त्यावर राहतं, नव्या स्विचला ते लावलं की झालं. स्विचच्या किमतीपुढे ते कार्ड चणे-फुटाणे. नेमकं तेच खरेदीच्या यादीतून कापलं जातं.

दुसरी एक जागा, जिथे मी स्वतः उभा राहून तपासतो, ती रिंगची. कारखान्यात स्विच माळेसारखे जोडून टोकं जुळवतात. एक तार तुटली तर वाहतूक उलट्या बाजूने जाते. पर्लमन यांच्या मूळ पद्धतीला असं वळायला अर्धा मिनिट आणि वर लागायचं. कारखान्यासाठी केलेल्या एमआरपी पद्धतीत ५० स्विचांच्या रिंगलाही २०० मिलिसेकंदांच्या आत वळता येतं. छान. पण रिंगमधली एक तार एरवी बंदच असते, गरजेपुरती राखीव. त्या राखीव तारेच्या पोर्टांवर समजा २० नंबर जोडायचा राहिला. कुणाला कळणार? कुणालाच नाही. १० चालतो, २० चालतो, वर्षानुवर्षं चालतो. एक दिवस कुठेतरी जेसीबी केबल तोडतो, रिंग वळते, स्विचवरचे दिवे हिरवे, आणि २० रंगातली यंत्रं मुकी. ज्या दिवशी तिची गरज, त्याच दिवशी ती नाही. म्हणून काम ताब्यात घेताना कागदावरच्या सहीवर भागवू नये. एकेक तार हाताने उपसावी, प्रत्येक रंग पलीकडे पोचतो का ते बघावं, आणि मगच पुढची. कंत्राटदार कंटाळतात, कंटाळू द्यावं. फौजेत राखीव तुकडीलाही हजेरीला उभं करतात ते उगाच नाही.

या सगळ्याची सर्वांत कडक परीक्षा विजेच्या उपकेंद्रात होते. आयईसी ६१८५० हा मानक २००३ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाला आणि पॅनेलमागच्या तांब्याच्या तारांच्या जुड्यांऐवजी ईथरनेट आलं. लाइनवर बिघाड झाला की एक रिले दुसऱ्याला ‘ब्रेकर उघड’ असं सांगतो, तो संदेश म्हणजे गूस. सर्वांत घाईच्या संदेशाला मुदत ३ मिलिसेकंदांची. आपल्या ५० हर्ट्झ विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं असतं, त्यावरून अंदाज करा. मूळ गूसला आयपी पत्ता नसतो, आणि तो एकाला उद्देशून नसतो, गटाला उद्देशून असतो. म्हणजे स्विचने काही सांगितलं नसेल तर तोही ललकारीसारखा सगळीकडे जातो. त्याहून जड वाहतूक आहे मोजमापांची. विद्युतदाब आणि प्रवाह यांचे नमुने, प्रत्येक आवर्तनात ८०, म्हणजे सेकंदाला ४००० लखोटे, एका प्रवाहाला सुमारे ५ मेगाबिट. असे वीस प्रवाह मोकाट सोडले की १०० मेगाबिटचा पोर्ट भरला. ज्या रिलेला त्यातला एकच हवा, त्याच्या दारात वीस. इथे व्हीलॅन ही चैन नाही, त्याशिवाय उपकेंद्र चालायचंच नाही. पंजाबात मलेरकोटल्याच्या उपकेंद्रात पॉवरग्रिडने अशी नमुन्यांवर चालणारी प्रोसेस बस बसवली आहे. तुमच्या गावाबाहेरच्या उपकेंद्रातही हे येतंय किंवा आलंय.

मग सुरक्षेचं काय? सप्टेंबर २०१९ मध्ये तामिळनाडूतल्या कुडनकुलम अणुवीज केंद्राशी संबंधित एका संगणकावर घातक प्रणाली असल्याचं सर्ट-इनच्या लक्षात आलं. ऑक्टोबरअखेरीस आधी केंद्रातून पत्रक निघालं की नियंत्रणयंत्रणेवर सायबर हल्ला शक्य नाही. दुसऱ्या दिवशी अणुऊर्जा महामंडळाने मान्य केलं की बाधित संगणक होता, पण तो इंटरनेटला जोडलेल्या प्रशासकीय जाळ्यातला, आणि ते जाळं आतल्या महत्त्वाच्या जाळ्यापासून अलग आहे. पत्रकबाजीवर मी बोलत नाही. मला त्यातला ‘अलग’ हा शब्द महत्त्वाचा वाटतो. अलग म्हणजे वेगळी तार, वेगळा स्विच, की एकाच स्विचवरचा वेगळा रंग? या दोन्हींना लोक एकाच तोंडाने अलग म्हणतात. फौजेत आम्ही इंटरनेटचा संगणक आणि कामाचा संगणक वेगळ्या तारांवर ठेवतो. ज्या गोष्टीवर माणसं मरतात तिथे माझं मत आजही तेच.

याउलट १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. पुढे राज्याच्या सायबर विभागाने घातपाताची शक्यता बोलून दाखवली आणि केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक म्हटलं. तो वाद मी इथे सोडवणार नाही. पण पुढच्याच वर्षी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने वीजक्षेत्रासाठी सायबर सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वं काढली, हे नोंदवून ठेवा.

रंगाच्या भिंतीला भोकं कुठे पडतात, तीही सांगतो. पहिलं, स्विच रूटरचंही काम करत असेल तर. व्हीलॅन आखले, प्रत्येकाला पत्ता दिला, की तो एका रंगातून दुसऱ्यात आनंदाने ने-आण करू लागतो. अडवायचं काय हे त्याला वेगळं सांगावं लागतं. खोल्या बांधल्या, मधली सगळी दारं सताड उघडी. दुसरं, ट्रंकवर बिनरंगी लखोट्यांना जो रंग मिळतो, तोच रंग उपकरणाच्या पोर्टलाही दिलेला असेल, तर लबाड माणूस एकावर एक असे दोन टॅग लावून पाठवतो. पहिल्या स्विचने वरचा पुसला की आतला उघडा पडतो आणि लखोटा परक्या खोलीत पोचतो. तिसरं अगदी गावठी: रिकामे पोर्ट चालूच ठेवलेले. म्हणून आयईसी ६२४४३ या औद्योगिक सुरक्षेच्या मानकात भाषा रंगांची नाही. ती विभागांची आणि त्यांना जोडणाऱ्या मोजक्या, राखलेल्या वाटांची आहे. व्हीलॅन हा विभाग आखायचा खडू. वाटेवर पहारा फायरवॉलचा.

सिंकोस्कींच्या रंगाची गोष्ट अजून चालू आहे. २०१५-१६ मध्ये त्याच ८०२.१क्यूला एक जोड आली, ८०२.१क्यूबीव्ही. तिच्यात स्विचच्या प्रत्येक पोर्टवर वेळापत्रकाने उघडणारी-मिटणारी फाटकं असतात. प्राधान्याच्या त्या ३ बिटांवरून रांग ठरते, आणि अमुक मायक्रोसेकंदाला अमुक रांगेचंच फाटक उघडं. लोकलच्या वेळापत्रकात मेल-एक्स्प्रेसला मार्ग राखून ठेवतात, तसंच. ‘थांबायचं किती’ हा जनरल मोटर्सचा जुना प्रश्न अखेर ईथरनेटनेच सोडवायला घेतला आहे, चाळीस वर्षांनी.

पुढच्या भागात मोडबसकडे वळू. १९७९ साली जन्मलेली ही भाषा आजही देशभरच्या पंपघरांत बोलली जाते, आणि तिच्यात ‘तू कोण’ हे विचारायची सोयच नाही.